बिनकल्हईची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. एके काळी माझ्यात शंभर माणसांची आमटी शिजायची. आता माझ्या बुडाला तीन भोकं आहेत आणि पोटात माती भरून कोरफड लावली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी जे केलं त्या मानाने ही शिक्षा फारच सौम्य आहे. माझ्यासोबत ज्यांनी ते केलं, त्यांना तर तेवढीही झाली नाही.

मी मूळची कोकणातली. रेवदंड्याच्या एका तांबटाने मला घडवलं आणि चेऊलकरांच्या घरी लग्नातलं भांडं म्हणून पाठवलं. चेऊलकर म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शनिवारी ते चूल पेटवत नाहीत आणि काम करत नाहीत. त्यांच्या चार पिढ्यांची लग्नं, सुंता आणि नवसाचे मलिदे मी पार पाडले. बायका माझ्या काठावर टिचकी मारून म्हणायच्या, काय आवाज आहे! मला ते फार आवडायचं. मी पहिल्यापासून थोडी नखरेल आहे, हे कबूल करते.

तांब्याच्या भांड्याची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण तुमच्या घरी आता स्टीलच असेल. आम्हाला आतून कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो रुपेरी असतो, वापरून वापरून करडा होतो आणि शेवटी झिजून जातो. झिजला की आतलं तांबं उघडं पडतं. अशा भांड्यात चिंच, ताक, आमसूल असलं काही आंबट ठेवलं, की ते कळकतं. त्याला तांब्याची चव येते, हिरवट झाक येते आणि पोटात गेलं की माणूस आडवा होतो. म्हणून पूर्वीच्या बायका वर्षाला कल्हई चुकवत नसत.

माझे शेवटचे धनी हनोख चेऊलकर रेल्वेत गार्ड होते. त्यांची बदली पूर्णा जंक्शनला झाली आणि मीही त्यांच्या सामानात मालगाडीने आले. घरात माणसं तीन: हनोख, त्यांची बायको मिल्काबाई आणि मुलगा एलियाजर. तिघांच्या आमटीला मी कशाला लागते? मिल्काबाईंनी मला क्वार्टरच्या माळ्यावर पालथी घातली. तिथे मी नऊ वर्षं काढली. खाली कुकर शिट्ट्या मारायचा आणि सगळे त्याचं कौतुक करायचे. मी त्या कुकरचा मनापासून द्वेष केला.

पूर्णेत चेऊलकरांसारखं दुसरं घर नव्हतं. कॉलनीत कुणी त्यांना ख्रिस्ती समजायचं, कुणी मुसलमान. हनोख सगळ्यांशी मान लववून बोलायचे आणि घरी आल्यावर दार लावून घ्यायचे. आपण इथे तीनच माणसं आहोत, हे वाक्य मी माळ्यावरून शंभरदा तरी ऐकलं असेल.

मग एलियाजर तेरा वर्षांचा होणार, असं साल आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि नाव मात्र होतं तेच होतं. त्यांच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मिट्झवा करतात. त्या दिवसापासून तो धर्माच्या हिशेबाने मोठा माणूस. तोवर त्याने केलेलं पाप बापाच्या माथी, त्यानंतरचं त्याच्या स्वतःच्या. प्रार्थना मुंबईच्या सिनेगॉगमध्ये व्हायची होती, कारण तिला दहा ज्यू पुरुष लागतात आणि पूर्णेत एक होता. पण जेवण पूर्णेतच घालायचं, सगळ्या कॉलनीला, असं हनोखांनी ठरवलं. नऊ वर्षं दार लावून बसलेल्या माणसाला एकदा दार उघडावंसं वाटलं.

जेवण कसं करायचं ते एलियाजरने ठरवलं. तो हुशार मुलगा होता, आणि शाळेत नुकताच पर्यावरण हा शब्द शिकला होता. त्यात मुंबईच्या मामांनी पत्रातून कळवलं की आपल्या धर्मात आज्ञाच आहे, फळझाड तोडू नये आणि वापरण्याजोगी वस्तू नासू नये. बार मिट्झवाला त्यावरच भाषण कर. झालं. मुलाने कॅलेंडरचं एक पान फाडलं, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला मथळा लिहिला: काय नको. छापील पत्रिका नको, जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर हाताने लिहू. रंगीत कागदाच्या पताका नकोत, ज्वारीची धाटं आणि झेंडू लावू. प्लॅस्टिकचे पेले नकोत, मुंजाजी कुंभार मातीचे करून देईल. लाउडस्पीकर नको. लाकूड नको, गेल्या सालच्या पऱ्हाट्या जाळू, कपाशीची वाळकी झाडं नाहीतरी शेतात पडूनच असतात. कागदी बशा नकोत, पळसाच्या पत्रावळ्या. आणि मंडपवाल्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी नकोत, माळ्यावर आपली डेग आहे की.

शेवटचं वाक्य ऐकून मला काय वाटलं ते कसं सांगू! हनोख कुरकुरले, लोक कंजूष म्हणतील म्हणाले. मिल्काबाईंना मात्र मुलाचा अभिमान वाटला. मला खाली उतरवण्यात आलं.

पत्रावळ्यांसाठी एलियाजर सुलाबाईकडे गेला. रेल्वेच्या यार्डापलीकडे पंधरा-वीस झोपड्या होत्या, त्यांतली एक तिची. ती बौद्ध. नामांतराच्या ठरावाच्या साली तिच्या गावात बौद्धांची घरं जाळली, तेव्हा तिचंही गेलं होतं. नवरा नागनाथ आणि ती नेसत्या कपड्यांनिशी पूर्णेला आली होती. नागनाथ मालधक्क्यावर पोती उचलायचा आणि सुलाबाई पत्रावळ्या शिवून बाजारात विकायची. दोघांचं पोट त्या पानांवर आणि त्या पोत्यांवर. कॉलनीच्या कार्याची ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळत होती. ती रोज मागच्या दाराशी येऊन पत्रावळ्यांचा गठ्ठा ठेवायची, एलियाजरला पानं शिवायच्या बारीक काड्या कशा तासायच्या ते दाखवायची. तो तिला मावशी म्हणायचा. तूही जेवायला यायचं, पंगतीत बसायचं, असं त्याने तिला बजावलं होतं.

एका दुपारी मिल्काबाई बाजारात गेल्या असताना कल्हईवाला चाँदपाशा गल्लीत आला. आधीच बोलावणं धाडलेलं होतं. त्याने मला उन्हात तिरकी धरली, आत बोट फिरवलं आणि भाता मांडायला बसला. एलियाजरने त्याची थैली पाहिली. हे काय, विचारलं. पाशा म्हणाला, नवसागर, तापल्या भांड्यात टाकला की पांढरा धूर निघतो. धूर म्हटल्यावर मुलगा ताठ झाला. आमच्या कार्यात धूर नको, तो म्हणाला, हवा बिघडते. पाशाला हसू आलं, पण मग तो हसायचा थांबला.

"कल्हई उतर गई इसकी, बाबा. आम्मा को बोलो, इसमें खट्टा नक्को पकाना."

मुलाने मान डोलावली. पाशा भाता उचलून गेला. मित्रांनो, मुलाने पुढे काय केलं ते ऐका. त्याने मला अंगणात घेतलं आणि चिंच, मीठ आणि विटेची भुकटी लावून तासभर घासलं. माझ्या तळाशी थोडीफार कल्हई करड्या डागांसारखी शिल्लक होती. त्याला तो मळ वाटला. तो हट्टाला पेटला आणि शेवटचा डागसुद्धा त्याने खरवडून काढला. मी आतून-बाहेरून लालबुंद झाले. शेजारणी बघायला आल्या, सोन्यासारखी दिसते म्हणाल्या. मी काहीच बोलू शकत नव्हते हे खरं, पण बोलता आलं असतं तरी त्या क्षणी मी बोलले नसते. मी खूश होते.

आठवड्याने ते मनमाडला गाडी बदलून मुंबईला गेले. सिनेगॉगमध्ये मुलाने वाचन केलं आणि हनोखांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं, की आजपासून याच्या कर्माचा भार माझ्यावर नाही. थोडक्यात, पाशाला परत पाठवलं आणि मला खरवडलं तेव्हा एलियाजर लहान होता. ते पाप बापाच्या नावावर गेलं. धर्माचा हिशेब किती नीट असतो पाहा.

परत आल्यावर रविवारी दुपारी जेवण ठेवलं. आदला दिवस शनिवारचा, म्हणजे आकाशात तीन तारे दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही. तारे दिसले तशी मिल्काबाईंनी पऱ्हाट्या पेटवल्या आणि चिंच-गुळाची, नारळाचं दूध घातलेली आमटी माझ्यात चढवली. सकाळी घाई नको म्हणून सगळी आमटी तेव्हाच करून रात्रभर माझ्यातच ठेवायची होती. चिंचेचा कोळ ओतताना त्यांचा हात थांबला.

"आतून लाल दिसतेय रे. पाशाला दाखवलीस ना?"

"दाखवली," एलियाजर म्हणाला.

खोटं बोलला नाही. दाखवली तर होतीच. त्याला पाशाचं बोलणं आठवत होतं की नाही, हे मला त्या वेळी कळलं नाही. पण आठवत नसतं तर त्याने माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं नसतं. आता सांगितलं तर आमटी दुसऱ्या भांड्यात करावी लागेल, मंडपवाल्याकडे जर्मनचं भांडं मागायला जावं लागेल, आपल्या यादीतलं एक नको खोडावं लागेल. एवढंच होतं, मित्रांनो. एका ओळीसाठी तो गप्प राहिला. कोळ माझ्यात पडला आणि रात्रभर त्याने माझं अंग खाल्लं.

रविवारी अंगणात पन्नास माणसांची पहिली पंगत बसली. कॉलनीतले बाबू, ड्रायव्हर, त्यांची बायकामुलं, आणि मधोमध व्यंकटराव. व्यंकटराव मालधक्क्याचे ठेकेदार, जवळच्या गावचे मोठे शेतकरी, कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. एलियाजरने नवा पांढरा शर्ट घालून भाषण केलं. निसर्गाचं आपण देणं लागतो, काहीही वाया घालवू नये, कुणाला इजा करू नये, असं सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भात आणि आमटी वाढली. सुलाबाई दुसऱ्या पंगतीसाठी कुंपणापाशी नवं लुगडं नेसून थांबली होती.

अर्ध्या तासात पहिलं मूल ओकलं. मग त्याची आई, मग एक ड्रायव्हर, मग ओळीने सगळेच. पोटात पीळ पडून माणसं झेंडूच्या माळा धरून वाकली. व्यंकटरावांची नात डोळे पांढरे करून बापाच्या खांद्यावर पडली, तिला दवाखान्यात पळवलं. मी चुलीवर चमकत बसले होते. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझ्यात काही वाईट असेल असं वाटण्याजोगी मी दिसतच नव्हते.

व्यंकटराव तोंड पुसत उभे राहिले आणि पत्रावळ्या कुणी शिवल्या, असं त्यांनी विचारलं. कुणीतरी कुंपणाकडे बोट दाखवलं. एवढा वेळ त्या पत्रावळ्यांवर आवडीने जेवलेली माणसं त्या दूर ढकलू लागली. विद्यापीठाला नाव पायजे म्हणतेत आन पानाला विष लावून आनतेत, असं एकजण म्हणाला, आणि मग तेच सगळे म्हणू लागले. सुलाबाई पुढे आली. माझी पानं धुतलेली आहेत, पुसलेली आहेत, ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मंग त्याच पानावर खाऊन दाव," व्यंकटराव म्हणाले.

त्यांनी स्वतः पत्रावळ मांडली, स्वतः माझ्या तळात पळी घातली. तळाशी जे होतं ते सगळ्यात जास्त कळकलेलं होतं. सुलाबाई बसली. तिला भीती नव्हती, कारण तिला तिची पानं ठाऊक होती. पहिला घास घेतला आणि ती थबकली. उभ्या गावाने टाकलं तरी बाईची जीभ तिला फसवत नाही.

"आमटी कळकली हाय," ती म्हणाली. "पानाचं न्हाई हे. डेग बगा आतून."

व्यंकटरावांनी मान वळवून एलियाजरकडे पाहिलं आणि डेगीला कल्हई केली होती का, असं सरळ विचारलं. माझ्या सबंध आयुष्यात मला वाचा हवी होती ती त्या घटकेला. मुलाने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, सुलाबाईकडे पाहिलं नाही.

"पाशाला दाखवली होती," तो म्हणाला.

"माझा मुलगा खोटं बोलत नाही," हनोख लगेच म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग सुलाबाईला पत्रावळीवरचं सगळं संपवायला लावलं. दोघी-तिघी बायका नको म्हणत होत्या, पण हळू आवाजात. ती खात गेली आणि व्हायचं तेच झालं. कुंपणापाशी ती गडाबडा लोळायला लागली, नव्या लुगड्यावर ओकली. आणि लोक काय म्हणाले ठाऊक आहे? पाहा, तिच्याच पानाने तिलाच बाधलं. पुरावा मिळाला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. उरलेल्या पत्रावळ्या पऱ्हाट्यांच्या विस्तवात घातल्या. नागनाथला दुसऱ्या दिवसापासून मालधक्क्यावर पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. बाजारात पुन्हा बसलीस तर पाय तोडू, असंही कुणी ओरडलं.

संध्याकाळी मिल्काबाई मला घासायला बसल्या. आमटीच्या रेषेखाली हिरवी कड उमटली होती. त्यांनी ती नखाने खरवडली, वास घेतला आणि नवऱ्याला हाक मारली. दोघं माझ्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मुलाला विचारलं, तेव्हा त्याने पाशाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तो रडला. हनोखांनी त्याला मारलं नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. ते म्हणाले, आपण इथे तीनच माणसं आहोत, हे बाहेर कळलं तर आपलं काय होईल ते तू पाहिलंस. पण तू आता मोठा आहेस. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चाँदपाशाला बोलावलं. त्याने मला पाहिलं, मिल्काबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता भाता पेटवला. मैंने तो बोला था, एवढं तो पुटपुटला, मग त्यानेही जीभ आवरली. त्यालाही याच कॉलनीत दारोदार फिरायचं होतं. आता धुराला कुणी हरकत घेतली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर कल्हई मला त्या दिवशी झाली, अगदी आरशासारखी. त्यानंतर डेग आतून बघायला कुणीही आलं असतं, तर त्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं असतं.

चौथ्या दिवशी सुलाबाई मागच्या दाराशी आली. चालताना तिला भिंत धरावी लागत होती. नागनाथ बोचकं घेऊन लांब उभा होता. ती दोघं सोनपेठकडे लेकीच्या दारी निघाली होती, राहू देतील तितके दिवस. मी उंबऱ्यापाशी वाळत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मला वाटलं, ही आता जाब विचारील. विचारावा, असं मला फार वाटत होतं.

"बाळा, माझ्यामुळं तुझ्या कार्याचा नास झाला," ती म्हणाली. "आमी लय इचार केला. पानं तोडली ते पळस कपाशीच्या रानाला लागून हायेत. फवारनी चालू होती तवा. धुतली व्हती म्या, पर निघालं नसंल."

एलियाजर दाराची कडी धरून उभा होता.

"मला डेगीचं वाटलं व्हतं. पर तू दावली म्हनलास. तू कशाला खोटं बोलशील? माझीच जीभ चुकली." तिने हात जोडले. तेरा वर्षांच्या पोरापुढे त्या बाईने हात जोडले. "माफ कर मला."

बोल, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल. सगळी कॉलनी नाही, व्यंकटराव नाहीत, ही एकटी बाई आहे, हिला तरी सांग.

"असू दे मावशी," तो म्हणाला. "केलं माफ."

तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काही आलं. ती भिंत धरून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला काहीतरी मागायचं असतं. जपून वापरा, वेळेवर कल्हई करा, माळ्यावर टाकू नका, असं मागायला हवं. ते मी मागत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की भांडं दोषी असेल तेव्हा भांड्याला दोषी म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा, मोठ्याने म्हणा. आम्हाला काही होत नाही. आम्ही तांब्याचे आहोत.